सरावाचा डावा हात

मी एक जुना हात आहे. डावा. मनगटाशी संपतो. कोपर, दंड, खांदा असलं काही मला कधी नव्हतंच, त्यामुळे ते गेल्याचं दुःखही नाही. मित्रांनो, दचकू नका. मी कुणाचा तोडलेला हात नाही. नखांचं काम शिकणाऱ्यांसाठी कारखान्यात बनवलेला, रबरासारख्या मऊ पदार्थाचा सरावाचा हात आहे. निदान बनवला तेव्हा तरी मी तेवढाच होतो.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. भिंतीला शेकडो खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक हात उलटा वाळत घातलेला. आमच्या बोटांत तारा होत्या, म्हणून बोटं हवी तशी वाकत आणि वाकवली तशीच राहत. बोटाच्या टोकाला खाच होती. तिच्यात प्लास्टिकचं नख बसवायचं आणि काम झालं की उपटून टाकायचं. आम्ही सगळे एकाच साच्यातले. प्रत्येकाच्या तळव्यावर तीच रेष, तेवढ्याच लांबीची, एकाच जागी तुटलेली. तपासणी करणारी बाई रोज आम्हाला एकेक चिमटा काढून बघायची. कुणी हललं नाही की माल पास.

मला विकत घेतलं ते एका पार्लरमध्ये काम करणाऱ्या बाईने. मी तिला मालकीण म्हणतो. नखं कापणं, घासणं, रंगवणं यापुरतं प्रमाणपत्र तिच्याकडे होतं. पण बोटभर लांब नख घडवायचं, मशीनने त्याला आकार द्यायचा, तर त्यासाठी वरचं प्रमाणपत्र लागायचं. अॅडव्हान्स म्हणायचे सगळे त्याला. पार्लर चालवणाऱ्या बाईंनी तिला सांगूनच ठेवलं होतं, "खिडकीजवळची खुर्ची तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. दोन संधी मिळतात परीक्षेला. पास झालीस तर ती तुझी. नाही झालीस तर मी दुसरी मुलगी आणते आणि तू मागे बेसिनवर डोकी धुवायला बस. मग कुरकुर नको हं."

कुरकुर करणारी ती नव्हतीच. दुपारी घरातली कामं उरकली की ती मला टेबलाला पकडीने घट्ट आवळायची आणि सरावाला लागायची. माझी बोटं तिने इतकी मागे वळवली की तुमची असती तर कडकन मोडली असती. मशीनची टोकदार दांडी माझ्या नखांवर गरगर फिरायची. नखाखालचं रबर जळून वास यायचा आणि ती नुसती फुंकर मारून पुढे जायची. वर्षभरात तिने माझ्यावर हजारेक नखं घडवली असतील. त्या कोर्सला शिकवणाऱ्या बाई मला वर्गात उंच धरून दाखवायच्या. "हे बघा काम. रेषेत रेष! शिका जरा." माझी छाती फुगली असती. पण मला छाती कुठे होती?

मग पहिली परीक्षा आली. नियम असा होता की अर्धं काम सरावाच्या हातावर आणि अर्धं जिवंत माणसाच्या डाव्या हातावर करायचं. सगळ्यांचा डावाच, म्हणजे तुलना करायला बरी. शेजारची शिवणकाम करणारी बाई मॉडेल म्हणून आली होती. मशीन सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोच ती किंचाळली.

"आई गं! अगं, नख घडवतेस की बोट सोलतेस?"

तिने हात काढून घेतला तो पुन्हा दिलाच नाही. परीक्षक बाई पांढरे केस घट्ट बांधलेल्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्या मालकिणीला म्हणाल्या, "काम देखणं आहे तुमचं. पण हात जड आहे. प्लास्टिकच्या हातावर शिकलेल्यांचं असंच होतं. तो ओरडत नाही ना. जिवंत हातावर सराव करा."

जिवंत हात आणायचा कुठून? मालकिणीने सगळ्यांना विचारून पाहिलं. शिवणवाली म्हणाली, "माझं पोट या बोटांवर आहे बाई." नवरा म्हणाला, "मी ऑफिसात गुलाबी नखं घेऊन जाऊ?" शेवटी पुढच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

"माझा घे की. नुसताच पडलाय."

सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र तसाच राहिला. तो हलायचा नाही आणि त्याला काही कळायचंही नाही. त्या त्याला 'कारकून' म्हणायच्या. "खुर्चीवर आहे, कामाला नाही," असं सांगून स्वतःच हसायच्या.

"नको आई, तुम्हाला लागेल," मालकीण म्हणाली.

"मला? त्याच्यावर उकळता चहा ओत, मला कळलं तर सांगीन. ये, बस."

मालकिणीने त्यांचा हात टेबलावर, माझ्या शेजारी ठेवला. दोन डावे हात. एक माझा, एक त्यांचा. दोघांचीही बोटं ती ठेवील तशी राहत होती. मला उगाचच वाटलं, कारखान्यातल्या आपल्या खोलीतला कुणीतरी भेटला.

तिने मशीन सुरू केलं. सासूबाई पार्लरमधल्या भांडणांच्या गोष्टी ऐकत होत्या, मधूनच "मग? मग ती काय म्हणाली?" असं विचारत होत्या. आणि अचानक मला काहीतरी झालं.

मित्रांनो, काय झालं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्याला काय म्हणतात हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्या अनामिकेच्या टोकाशी काहीतरी उगवलं, वाढलं, लालबुंद झालं. मशीन माझ्यावर नव्हतं. ते सासूबाईंच्या अनामिकेवर होतं. सासूबाई हसत होत्या. आणि माझी अनामिका सावकाश, तार करकरत, आत वळली.

मालकिणीने ते पाहिलं. "तार सैल झालीय वाटतं," असं म्हणून तिने माझं बोट सरळ केलं. पण म्हणताना तिने आवाज खाली आणला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या अनामिकेवर टपोरा फोड आला होता. मशीन एकाच जागी जास्त टेकलं की नख तापतं आणि खालची कातडी भाजते. माणूस लगेच हात ओढतो, म्हणून काम करणाऱ्याला कळतं. इथे कोण ओढणार? मालकीण मलम लावता लावता रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय? ज्याचं दुखायचं त्याला पत्ता नाही, आणि तू कशाला अश्रू गाळतेस?"

नंतर मालकीण माझ्याकडे आली. माझी अनामिका पुन्हा वळलेली होती. तिने मला दिव्याखाली धरलं. नखाच्या मुळाशी, रबरावर, फोड होता. रबराचा बुडबुडा नव्हे, जळका डाग नव्हे. भरलेला, टरारलेला फोड. तिने मला टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटाच्या तळच्या खणात ठेवून दिलं.

तिथे मी चार महिने होतो. अंधार होता, पण काळ कसा गेला ते मला नीट सांगता येतं. रोज सकाळी माझ्यावरून कोमट पाणी जायचं, ती सासूबाईंची आंघोळ. दुपारी गोधडीचा खरबरीत काठ लागायचा. एकदा एक माशी बराच वेळ माझ्या करंगळीवर बसली होती, आणि तिला हाकलायला कुणी आलं नाही. ती तिकडेही कुणाला कळली नसणार. मला मात्र तिचे सहाही पाय मोजता आले.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी घरात धावपळ ऐकू आली. पार्लरमधली एक मुलगी मॉडेल म्हणून यायची होती, तिने आयत्या वेळी नकार कळवला. मालकीण खाली बसली असावी, कारण तिचा आवाज माझ्या खणाच्या अगदी जवळून आला. "संपलं सगळं. ही शेवटची संधी होती."

"मी आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "रिक्षा बोलाव."

"आई, बधिर हात चालत नाही. फॉर्मवर तसा प्रश्नच असतो."

"फॉर्म काय बोट टोचून बघतो? तू लिही, कळतं म्हणून. मी हू की चू करणार नाही. माझ्यासारखी गप्प बसणारी मॉडेल दुसऱ्या कुणी आणलीय? मार्क जास्तच मिळतील." मग आवाज जरा मऊ झाला. "दोन वर्षं माझं सगळं करतेस. माझ्या या कारकुनाला एकदा तरी कामाला येऊ दे गं."

सरावाचा हात परीक्षेला न्यावाच लागतो, म्हणून त्या दिवशी मला बाहेर काढण्यात आलं. मालकिणीने माझ्या अनामिकेकडे न बघता मला पिशवीत घातलं.

परीक्षेच्या खोलीत बारा टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर एक मनगट उभं होतं. माझ्यासकट बाराही जण एकाच साच्यातले. पहिला भाग झाला. मला लांबच्या फळीवर बाकीच्यांबरोबर मांडून ठेवलं. माझ्यावरचं काम सगळ्यांत उजवं होतं, असं परीक्षक बाई पुटपुटल्याचं मी ऐकलं. मग मॉडेल आल्या. मालकिणीने फॉर्म भरला. 'हाताला बधिरपणा आहे का?' या ओळीवर तिचं पेन थांबलेलं मला इतक्या लांबून दिसलं. मग ते हललं. 'नाही.' खाली सही.

मशीनं सुरू झाली. इकडून "स्स" ऐकू आलं, तिकडून "हळू हं." सासूबाई मात्र देवळातल्या मूर्तीसारख्या बसल्या होत्या.

परीक्षक बाई त्यांच्याजवळ थांबल्या. "दुखत नाही ना, आजी?"

"छे! फुलासारखा हात आहे हो हिचा," सासूबाई म्हणाल्या.

परीक्षक बाईंनी वहीत काहीतरी चांगलं लिहिलं. मालकिणीने ते पाहिलं, आणि तिला धीर आला. धीर आला तसा तिचा हात पुन्हा जुन्या सवयीने जड झाला. वीसच मिनिटं उरली होती. मधलं बोट. मशीन टेकलं, आणि टेकूनच राहिलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर ती खोली हादरली असती. मला फक्त पाच बोटं होती. मी ती मिटली. एकेक तार करकरत वळली, अंगठा वरून आला, आणि माझी मूठ झाली. तोल गेला. मी फळीवरून खाली पडलो.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणीतरी हसलंही. मालकीण हसली नाही. फरशीवर पडलेल्या मुठीकडे ती बघत राहिली. मग तिने मशीन बंद केलं, सासूबाईंचं मधलं बोट उचललं आणि आपल्या ओठांना लावून पाहिलं. बोट पोळत होतं.

"थांबवते मी," ती उभी राहून म्हणाली. "बाई, यांच्या हाताला काही कळत नाही. म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. मी फॉर्मवर खोटं लिहिलंय."

"गप्प बस! काहीतरीच काय बोलतेस?" सासूबाई म्हणाल्या.

परीक्षक बाईंनी आधी सासूबाईंचं बोट थंड पाण्याच्या वाटीत धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग फॉर्म पुढे ओढून त्यावर एक आडवी रेघ मारली. "तुमची ही संधी गेली. पूर्ण कोर्स पहिल्यापासून करावा लागेल," त्या म्हणाल्या. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी मालकिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

रिक्षात सासूबाई सारख्या धुमसत होत्या. "वीस मिनिटं! वीस मिनिटं तोंड मिटून बसायला काय झालं होतं? मला काही होत नव्हतं ना?"

"तुम्हाला होत नव्हतं, आई," मालकीण म्हणाली. "पण होत होतं."



खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसरी मुलगी आली. मालकीण बेसिनवर डोकी धुवायला लागली. माझी मूठ काही उघडेना. मूठ मिटलेल्या हातावर नखं कशी घडवणार? एका दुपारी तिने नखं घासायच्या फायली, ब्रश, बाटल्या सगळं एका पिशवीत भरलं आणि शेवटी मला उचललं. दारात कचऱ्याची बादली होती. ती माझ्यासकट तिथवर गेली.

तिथे ती थांबली. काय मनात आलं कोण जाणे, ती उंबऱ्यावरच बसली आणि तिने माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. उघडायला नव्हे. नुसतीच धरली. मित्रांनो, मला पकडीने आवळलं होतं, टेबलावर दाबलं होतं, वर्गात उंच मिरवलं होतं. पण असं कुणी धरलं नव्हतं. तिचे तळवे रोजच्या पाण्याने सुरकुतलेले आणि ऊन होते.

पुढच्या खोलीत सासूबाई एका हाताने मटार सोलत होत्या. त्यांचं सोलणं थांबलं.

"कोण आलंय गं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, आई."

"कुणी नाही कसं? माझा डावा हात धरलाय कुणीतरी."

मालकिणीच्या अंगावर काटा आला, तो मला तिच्या तळव्यांतून लागला. पण तिने मला सोडलं नाही. ती म्हणाली, "मीच आहे, आई."

"तू तर दारात आहेस."

"हो."

 सासूबाई अगदी हळू, लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "मग सोडू नकोस इतक्यात."

आता मी खणात नसतो. पुढच्या खोलीत, खिडकीत असतो. मालकिणीने कोर्सला पुन्हा नाव घातलंय. पार्लरमधून आली की ती माझ्या पाठीवरून हात फिरवते, आणि पलंगावर बसलेल्या सासूबाई डोळे मिटतात. माझी मूठ थोडी उघडली आहे, करंगळीपुरती.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुनी, मुकी, निरुपयोगी वस्तू टाकायला निघालात तर टाका, तुमची मर्जी. पण त्याआधी ती हातात घेऊन जरा थांबा आणि घरात कान द्या. आणि धराल तेव्हा हळू धरा. मला फार लागतं आता. आणि मला लागलेलं सगळं माझंच असतं, असं नाही.