कॅनबेराच्या नाकातलं शिसं

माधव कुरुंदवाडकर हे हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, पण मंगळवार पेठेत त्यांची ओळख होती ती शिशाच्या पलटणीचे मालक म्हणून. त्यांचे वडील संस्थानाच्या कचेरीत कारकून होते. सत्तेचाळीसच्या आधी एक गोरा अधिकारी सामानसुमान विकून मायदेशी निघाला, तेव्हा वडिलांनी त्याच्याकडून साठ सैनिकांची एक पेटी घेतली होती. लाल डगलेवाले, बंदूकवाले, एक ढोलकीवाला आणि घोड्यावरचा एक कर्नल. मास्तरांनी पुढं मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारांतून एकेक वेचत त्या साठाचे दोनशे बारा केले. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात ते ओळीनं उभे असायचे. दर रविवारी मास्तर दाढीच्या जुन्या ब्रशानं त्यांची धूळ झटकायचे. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नसे. बायकोचाही नाही.

"माझ्या माहेरची माणसं आली तरी इतक्या मायेनं बघत नाही तुम्ही," नंदिनीबाई म्हणायच्या.

गणपतीत पेठेतल्या तालमीच्या मांडवात दहा दिवस ही पलटण मांडली जायची. मास्तर धुतलेल्या शर्टात शेजारी उभे राहून कुठला सैनिक कुठल्या लढाईतला ते सांगायचे. वर्षातले ते दहा दिवस त्यांचे असत.

एक गोष्ट मात्र मास्तरांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांच्या हाताला कसब नव्हतं. एकदा ढोलकीवाल्याचा निखळलेला हात त्यांनी घरी चिकटवायला घेतला आणि डिंकानं सगळा डगला बरबटून ठेवला. तेव्हापासून तो ढोलकीवाला मागच्या ओळीत उभा असायचा.

त्र्याहत्तर सालच्या गणपतीत मांडवात एक माणूस आला आणि पाऊण तास हलेना. चाळिशीचा, काळासावळा, बोटं जाडजूड, नखांत लाकडाचा भुसा. सगळे लोक समोरून बघत होते. हा खाली वाकून सैनिकांच्या पायाखाली बघत होता.

"काय शोधताय, पावणं?" मास्तरांनी जरा तोऱ्यातच विचारलं.

"पायाखाली भोक हाय," तो म्हणाला. "म्हंजे पोकळ हाईत की हे! शिसं वतायचं, कडंला धरलं की मधलं उरलेलं उलटं करून काढून टाकायचं. भले! लई डोकं लावलंय."

तीस वर्षं मास्तर त्या सैनिकांना पुसत होते. ते पोकळ असतील असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्या माणसाचं नाव आकाराम. मूळचा नेसरीचा. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नवाला होता. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा जो नमुना कोरावा लागतो, तो कोरायचं काम त्याच्याकडे. त्या दिवसापासून तो अधूनमधून मास्तरांच्या घरी यायला लागला. चप्पल बाहेर काढायचा आणि हात पाठीमागं बांधून कपाटासमोर उभा राहायचा. मास्तरांना ते आवडायचं. इतकं मन लावून बघणारा माणूस त्यांना कधी भेटला नव्हता.

दिवाळीनंतर एकदा आकाराम पंच्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. टेबलावर पंचा सोडला, तर आत सात घोडेस्वार. बोटाएवढे, शिशाचे. नेसरीच्या खिंडीत सातजण शत्रूच्या फौजेवर तुटून पडले होते, तेच हे. सातही घोडे वेगळे; एकाची मान ताणलेली, एकाचे पुढचे पाय हवेत. स्वारांच्या अंगरख्याला वाऱ्यानं पडलेल्या चुण्यासुद्धा होत्या.

"तुमचं बघून केलं, मास्तर. कसं वाटतंय?"

"छान आहेत," मास्तर म्हणाले. जरा थांबून पुढं म्हणाले, "रंग थोडा भडक झालाय."

रंग भडक नव्हता. रंग अगदी जिथल्या तिथं होता. आकाराम गेल्यावर मास्तर कपाटासमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपले सैनिक एकाच साच्यातून पडलेल्या कवायती पोरांसारखे दिसले.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. लोक आता आकारामच्या दोन खोल्यांत स्वार बघायला जाऊ लागले. रस्त्यात मास्तरांना थांबवून विचारू लागले, "मास्तर, आकारामचं सात स्वार बघितलासा का?" दर वेळी मास्तर हसून मान डोलवायचे आणि पुढच्या बोळात वळायचे. वर्गात त्यांचं लक्ष लागेना. घरी वरणात मीठ कमी पडलं तरी आवाज चढायला लागला.

"तुम्हाला झालंय काय?" नंदिनीबाईंनी विचारलं.

"कुठं काय?"

"त्या आकारामचं नाव निघालं की तुमचं तोंड कारल्यासारखं होतं. मी आंधळी नाही."

पुढल्या पावसाळ्यात फौंड्रीचे मालक सयाजीराव यंत्रं बघायला विलायतेला गेले होते. आकारामच्या हातचं काम त्यांना ठाऊक होतं. येताना त्यांनी त्याच्यासाठी एक खोकं आणलं. आत प्लॅस्टिकच्या विमानाचे सुटे भाग होते. जोडायचे, रंगवायचे, की विमान तयार. विमान होतं कॅनबेरा. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या हवाई दलानं वापरलेलं बाँबफेकी विमान. मास्तरांनी अशा खोक्यांच्या जाहिराती विलायती मासिकांत पाहिल्या होत्या. वीस वर्षं ते तसल्या एका खोक्यासाठी झुरत होते.

आणि ते खोकं काखेत मारून आकाराम त्यांच्याच दारात उभा राहिला.

"मास्तर, कागुद सगळा विंग्रजीत हाय. तुमी वाचून सांगा, मी ध्यानात ठेवतो. तालमीचा कृष्णात कालच येऊन गेला. औंदा मांडवात मधोमध इमान ठेवायचं म्हंतोय. दोन्ही बाजूला सात स्वार."

कृष्णात हा तालमीचा अध्यक्ष. "आणि माझी पलटण?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

आकाराम ओशाळला. "ते मी इचारलं न्हाय बगा. असंल की कडंला कुटंतरी."

कडेला. मास्तरांनी तो शब्द गिळला आणि कागद हातात घेतला.

तो घडीचा कागद चांगला लांबलचक होता. चित्रांशेजारी आकडे, खाली बारीक अक्षरात सूचना. शेंगा वेलीला लागाव्यात तसे सगळे भाग आपापल्या प्लॅस्टिकच्या काडीला लागलेले. मास्तर एकेक पायरी वाचायचे, मराठीत सांगायचे. आकाराम डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा. पाचव्या पायरीला मास्तर आले. तिथं लिहिलं होतं की विमानाच्या अंगाचे दोन्ही भाग चिकटवण्याआधी नाकाच्या पोकळीत वजन भरा. नाही भरलं तर विमान शेपटीवर बसेल.

मास्तर थांबले.

"काय झालं?" आकारामनं डोळे उघडले.

"काही नाही. अक्षर बारीक आहे." मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "पाचवी पायरी. अंगाचे दोन्ही भाग आतून स्वच्छ पुसून घ्यायचे आणि एकमेकांना चिकटवायचे."

"पुसून चिकटवायचं," आकाराम म्हणाला आणि त्यानं डोळे पुन्हा मिटले.

पुढच्या सगळ्या पायऱ्या मास्तरांनी प्रामाणिकपणे, नेहमीपेक्षा जास्तच सविस्तर समजावून सांगितल्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. कधी वाटे, धावत जाऊन सांगावं, अरे, एक ओळ राहिली. दुसऱ्या क्षणी डोळ्यांसमोर मांडव यायचा. मधोमध विमान, शेपूट जमिनीला, नाक आभाळात, बसलेल्या कुत्र्यासारखं. आणि भोवती हसणारे लोक. ते चित्र त्यांना इतकं गोड लागायचं की स्वतःचीच किळस यायची. पण गोडी काही कमी होत नव्हती.

गणेशचतुर्थीला संध्याकाळी मास्तर मांडवात गेले. त्यांची पलटण खरोखरच कडेला, सतरंजीच्या टोकाशी होती. मधल्या टेबलाभोवती ही गर्दी. ते माणसांच्या खांद्यांवरून डोकावले.

कॅनबेरा तीन चाकांवर ताठ उभं होतं. नाक किंचित खाली, झेप घेण्याआधी श्वास रोखून धरावा तसं. पंखांवर विलायती खुणा नव्हत्या. आकारामनं केशरी, पांढरी आणि हिरवी वर्तुळं स्वतः रंगवली होती. फूटभरही रुंद नसलेल्या त्या विमानाच्या अंगावर पत्र्याचे सांधेसुद्धा दिसत होते.

कृष्णातनं आकारामला पुढं ओढलं. "सांगा की, कसं केलं ते!"

आकाराम लाजला. मग त्याची नजर गर्दीत मास्तरांवर पडली. "मी अडाणी माणूस. मला काय कळतंय त्यातलं? मास्तरांनी सगळा कागुद वाचून सांगिटला, म्हणून जमलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मास्तरांची पाठ थोपटली. मास्तरांना वाटलं, भर मांडवात कुणी मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते थेट आकारामच्या घरी गेले. दारात त्याची बायको अंबूबाई तांदूळ निवडत बसली होती. मास्तरांना बघून ती नेहमीसारखी "या बसा" म्हणाली नाही. सूप उचलून आत गेली. तेवढ्यावरून मास्तर काय ते समजले.

आकाराम खिडकीपाशी लाकूड तासत होता.

"आकाराम," मास्तर उभ्यानंच म्हणाले, "मी पाचवी पायरी चुकीची सांगितली. मुद्दाम."

आकारामनं पटाशी खाली ठेवली. "ठावं हाय की."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. कागदावर चित्र हाय न्हवं? नाकात बाण काढलाय, शेजारी वजन काढलंय. चित्र बघाय विंग्रजी कशाला लागतंय? आन चित्र नसतं तरीबी, जोडायच्या आदी मी बोटावर तोलून बघितलंतं. शेपटीकडं जड. जन्म गेला माझा साचं करण्यात, मास्तर. फौंड्रीतलं शिसं घातलं नाकात आन मग चिकटवलं."

"मग काल मांडवात माझं नाव का घेतलंस?"

"राग लई आलता. दोन दिस जेवान गोड लागलं न्हाय, अंबूला इचारा. तिला तर तुमच्या दारात येऊन भांडायचं हुतं." आकारामनं मांडीवरचा भुसा झटकला. "पर म्हटलं, तेवढी एक पायरी सोडली तर बाकी समदं खरं वाचलासा की तुमी. न्हाईतर इमान झालंच नसतं. खोटं कशाला बोलू?"

मास्तर स्टुलावर बसले. "मला तुझा हेवा वाटतो रे. तुझ्या हातांचा. मी तीस वर्षं पुसत बसलो आणि तू एका वर्षात..."

आकाराम म्हणाला, "मला न्हाय व्हय वाटत तुमचा? तुमी कपाटाम्होरं बसतासा, नुसतं बघतासा. तुमचं त्वांड बघितलंय मी तवा. मला तसं कवाच जमलं न्हाय. मी माझं काय बी बघितलं की मला चूकच दिसती. त्या सातांतल्या तिसऱ्या घोड्याचा पाय जाड झालाय. कुणालाच दिसंना, मला त्येवडंच दिसतंय. म्हणून तर तुमच्याकडं येत हुतो. तितं माझं काय बी न्हवतं, म्हणून डोळं निवत हुतं."

मनावरचं ओझं उतरेल असं मास्तरांना वाटलं होतं. ते उतरलं, पण सगळं नाही. उलट एक बारीक सल नव्यानं टोचला, की मोठ्या मनानं माफ करण्यातही हा माणूस आपल्या पुढंच निघाला.

जाताना आकारामनं त्यांना दारात गाठलं. "एक मागू का, मास्तर? मला विंग्रजी वाचाय शिकवा. कागदापुरतं. म्हंजे परत कुणाच्या दारात जायला नको."

शेवटचं वाक्य त्यानं सहज म्हटलं की मुद्दाम, हे मास्तरांना कळलं नाही. ते "बघू" म्हणाले आणि निघाले. पुढचे तीन आठवडे ते तिकडं फिरकलेच नाहीत. इंग्रजी ही एकच गोष्ट त्यांच्याकडे होती जी आकारामकडे नव्हती, आणि तीही देऊन टाकायची म्हटल्यावर त्यांचा जीव अडकला. शेवटी नंदिनीबाईंनीच एका रविवारी मुळाक्षरांचं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

"जा. नाहीतर कपाटाला कुलूप घाला आणि आत तुम्हीच जाऊन उभे राहा."

ते गेले. अंबूबाईनं चहा दिला. त्यात साखर जेमतेम होती. गोड चहा मिळायला दिवाळी उजाडावी लागली.

आकाराम शिकायला चिवट होता. वर्षभरात तो बोट ठेवून ठेवून सूचना वाचू लागला. पुढं सयाजीरावांनी मुंबईहून एक छोटं खोकं आणलं, एका पंख्याचं लढाऊ विमान. आकारामनं ते उघडलं आणि मास्तरांच्या पुढं सरकवलं.

"मी वाचतो. तुमी जोडा."

"मी? माझ्या हाताला वळण नाही, तुला माहीत आहे."

"माझ्या जिभंला तरी कुटं हुतं?"

तीन रविवार लागले. आकाराम अडखळत वाचायचा, एखादा शब्द चुकायचा, मास्तर सुधारायचे आणि एकेक भाग चिकटवायचे. डावा पंख तिरका बसला. वैमानिकाच्या काचेच्या घुमटीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. पंख तिरका होताना आकारामचा हात आपोआप पुढं आला, आणि मास्तरांनी पाहिलं, त्यानं तो मध्येच आवरून मांडीखाली दाबून धरला.

मास्तरांनी ते विमान आपल्या कपाटात ठेवलं. सैनिकांच्या वरच्या फळीवर, मधोमध. एकदा कृष्णात घरी आला होता. बघून म्हणाला, "हे आकारामचं दिसत न्हाय. पंख वाकडा हाय की हो."

"माझं आहे," मास्तर म्हणाले.

"असं व्हय?" कृष्णात म्हणाला आणि लगेच आकारामनं नवं जहाज केलंय, त्याची गोष्ट त्यानं काढली. मास्तर ऐकत राहिले. थोडा हेवा वाटलाच. कृष्णात गेल्यावर त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालात?" नंदिनीबाईंनी आतून विचारलं.

"आकारामकडे. जहाज बघून येतो."