घरचा डॉक्टर

मेबलने मला गाठींचं सांगितलं तेव्हा तिचे दोन्ही हात मसाल्याने लाल झाले होते. मे महिन्यात तिच्याकडे वर्षाचा मसाला बाटल्यांत भरायचं काम असतं आणि मदतीच्या नावाखाली एक बाटली उपटायला मी दरवर्षी हजर असते. लाकडी दांडीने मसाला ठासता ठासता, बाटलीकडेच बघत ती म्हणाली, "नंदा, माझ्या छातीत डावीकडे दोन गाठी आल्यात. व्हर्नन म्हणतो काय नाय, चरबी असेल."

"कधीपासून?"

"नाताळात लागल्या हाताला. जानेवारीत त्याला दाखवल्या."

अंधेरीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आम्ही दोघींनी शेजारी शेजारी बसून नोकरी संपवली. या बाईने मला नवऱ्याचं घोरणंसुद्धा रंगवून रंगवून सांगितलंय, आणि एवढी गोष्ट इतके महिने पोटात ठेवली! मला आधी रागच आला. भीती वाटायच्या आधी मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

व्हर्नन म्हणजे मरोळच्या त्यांच्या गावठाणातला पहिला डॉक्टर. मेबलच्या शेजारच्या घरातला मुलगा आणि तिचा गॉडसन. त्याच्या जन्मानंतर त्याची आई बरीच आजारी होती. बाप्तिस्म्याला चर्चमध्ये मेबलनेच त्याला हातावर धरलं, आणि पुढे वर्षभर न्हाऊमाखू घालणं, भरवणं, झोपवणं सगळं तिनेच केलं. तो एमबीबीएस झाला, गावठाणातच दवाखाना काढला, तेव्हा फीतही तिनेच कापली. पोरगा गुणी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

"सोनोग्राफी सांगितली का त्याने?" मी विचारलं.

"नाय."

"मग नुसत्या हाताने कळलं त्याला?"

ती जोरजोरात मसाला ठासायला लागली.

"मेबल, नीट तपासलं ना त्याने?"

"ड्रेसवरून," ती म्हणाली.

मी दांडी तिच्या हातातून काढून घेतली.

"अगं, तो म्हणाला होता, आंटी, आत पडद्यामागे चला. मीच म्हटलं, राहू दे रे बाबा, वरूनच बघ. ज्या पोराला मी न्हाऊ घातलं त्याच्यासमोर कपडे काढू? तोपण नुसता खाली बघत होता. दोन बोटं लावली न लावली आणि म्हणाला, चरबी असेल, या वयात होतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लाजणारी एक, लाजणारा दुसरा, आणि दोघांच्या मध्ये त्या गाठी आरामात वाढत बसलेल्या.

"म्हणजे तुला कोणी तपासलेलंच नाही. उद्याच्या उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं."

"नको."

"का?"

"लोक काय बोलतील?"

"लोकांना घाल चुलीत!"

"माझ्याबद्दल नाय गं. व्हर्ननबद्दल," ती म्हणाली. "आधीच इथले लोक साध्या तापाला मोठ्या हॉस्पिटलात पळतात. त्याची गॉडमदरच दुसरीकडे गेली हे कळलं तर त्याच्याकडे कोण येणार? वाट लागेल पोराची."

बाहेरच्या ओट्यावरून तिच्या नवऱ्याने, इसिडोरने, आवाज दिला, "व्हर्ननने सांगितलंय ना? मग झालं!" त्याला मी असं काही उत्तर दिलं की तो उठून पाव आणायला गेला.

शेवटी असं ठरलं की कोणाला कळू न देता जायचं. अंधेरीत नको, गोरेगावातही नको, तिथे तिचे निम्मे नातेवाईक. बोरिवलीत डॉक्टर संघमित्रा म्हस्के म्हणून एक सर्जन आहेत, माझ्या चुलत जावेचं ऑपरेशन त्यांनी केलं होतं. घरी सांगितलं, साड्यांचा सेल आहे. मेबल फ्रॉक सोडून काही घालत नाही, पण इसिडोरच्या ते डोक्यात आलं नाही.

आरे कॉलनीतून गोरेगावला जाणारी बस पकडली, तिथून पुढे बोरिवलीला ट्रेन. दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच गोठे आणि शेणाचा वास. मेबल खिडकीशी बसली होती, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"तू माझ्यासोबत येतेयस की मला पकडून नेतेयस?" तिने विचारलं.

"पकडून नेतेय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "माझ्या मनाने मी आले नसते." आणि मग तिने माझा हात धरला, तो गोरेगाव येईपर्यंत सोडलाच नाही.

डॉक्टर संघमित्रा चाळिशीच्या असतील. दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "कमरेपर्यंतचे कपडे काढून आत झोपा." मला वाटलं, आता मेबल नाटकं करणार. ती गुपचूप आत गेली आणि एकेक बटण काढायला लागली. पडदा सरकवायचंही तिला सुचलं नाही.

डॉक्टरांनी आधी तिला बसवून नुसतं पाहिलं. मग आडवं करून बोटांनी गोल गोल, हळूहळू तपासलं, दोन्ही बाजू. मग काख. डाव्या काखेत त्यांची बोटं थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तोंडावर काही दिसलं नाही.

मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासायला गेला. रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो. कॅन्सर होता. काखेतल्या गाठीतही पोचला होता. पुढे कुठे गेलाय का ते बघायला अजून एक स्कॅन करायचा होता. आधी केमो, मग ऑपरेशन, डॉक्टर सगळं समजावून सांगत होत्या. मी मान हलवत होते आणि माझ्या कानात एक शब्द शिरत नव्हता.

मेबलने मात्र ऐकलं. "जानेवारीत आले असते तर?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा काखेत होतं की नाही, ते आज कोणालाच सांगता येणार नाही. लवकर आलेलं बरं असतं, एवढं खरं. आजही उपचार आहेत, आणि ते करायचेत."

बाहेर येऊन मी रिक्षात बसले आणि रडले. आजारी ती, आणि रुमाल देत होती मला. रडून झाल्यावर राग आला. "मी त्या पोराला सोडणार नाही," मी म्हणाले. "भर गावठाणात उभा करून विचारणार आहे, डिग्री कशाला घेतलीस म्हणून."

"तू काय बोलायचं नाय," मेबल म्हणाली. "मी जाणार त्याच्याकडे. तू यायचं. पण तोंड बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सकाळचे पेशंट संपल्यावर, आम्ही व्हर्ननच्या दवाखान्यात गेलो. तो डबा उघडत होता. "आंटी! या ना, जेवता का?" मेबलने रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला. त्याने वाचला. मग पहिल्यापासून परत वाचला.

"आंटी, मी... मला तेव्हाच..."

"मी नाय म्हटलं आणि तू ऐकलंस," मेबल म्हणाली. "चूक दोघांची आहे. आता हात धू."

"काय?"

"हात धू. नंदा, दार लाव."

ती पडद्यामागे गेली, फ्रॉकची बटणं काढली आणि टेबलावर आडवी झाली. व्हर्नन बेसिनपाशी उभा राहिला, नळ नुसताच वाहत होता. "आंटी, प्लीज, नको," तो म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं, डॉक्टरचा कोट घातलेला तो दांडगा मुलगा लहान पोरासारखा रडत होता. मी त्याला काय काय बोलायचं ते ठरवून आले होते. त्यातलं एकही वाक्य मला आठवेना.

"रडायचं ते नंतर रड. मीपण रडणार आहे," आतून मेबल म्हणाली. "इकडे ये. गावठाणातल्या सगळ्या बायका तुझ्याकडे येतात. मला तर नावं लहानपणापासून पाठ आहेत त्यांची. तुझी मावशी येते, तुझ्या वर्गातल्या ट्रिशाची आई येते. सगळ्या म्हणणार, राहू दे रे बाबा. तू माझ्यासारखं त्यांचं ऐकत बसणार?"

तो आत गेला. मी पडदा धरून उभी राहिले, अर्धी आत, अर्धी बाहेर. मेबलने त्याचा हात मनगटाला धरून उचलला आणि आपल्या उघड्या छातीवर ठेवला. त्याने डोळे मिटले.

"डोळे उघड," ती म्हणाली. "लागली?"

"हो."

"अजून एक आहे, खाली. बघ."

त्याने डोळे उघडले. बाहीने नाक पुसलं आणि शिकवलेलं असणार तसं, बोटं सपाट ठेवून, सावकाश, गोल गोल तपासायला लागला. मेबल छताकडे बघत होती आणि तिच्या कानाकडे पाणी ओघळत होतं.

"दुखतं का, आंटी?" त्याने विचारलं.

"नाय ना रे," ती म्हणाली. "दुखलं असतं तर लाजले असते का मी?"

व्हर्ननने मान हलवली. मग त्याने तिला डावा हात डोक्यावर घ्यायला सांगितला आणि काख तपासायला घेतली.