उंच टेकूची थरथर

फाल्गुनातली ती सकाळ तांबूस होती, धूसर होती, आणि तिला वास येत होता. साखर कारखान्याच्या धुराड्यातून उठलेली काळी काजळी निळ्या आभाळातून संथ, निःशब्द झरत होती; तुळशीवर, दोरीवरच्या धुतल्या पातळांवर, पाण्याच्या उघड्या घागरीत. नदीकाठची हवा मळीच्या आंबूस, गोडसर, उग्र दुर्गंधाने जड झाली होती. वसंत दाराशी आला होता, पण त्याचं स्वागत नाक धरूनच करावं लागत होतं.

त्या काजळीत, त्या दुर्गंधात, भूपाल चौगुलेच्या दारात त्याची मोटारसायकल उभी होती. तिच्या मागच्या सीटपासून दोन चकचकीत पोलादी नळ्या वर निघाल्या होत्या. पाठीच्या वर, डोक्याच्या वर, आणि शेवटी बाहेर वळून बैलाच्या शिंगांसारख्या आभाळात घुसल्या होत्या. मधे लालभडक रेक्झिनची गादी, सोनेरी बटणांची. दोन्ही टोकांवर पितळेच्या जाड शेंब्या, बेंदराच्या सणाला बैलाच्या शिंगांवर चढवतात तशा. त्यांना रेशमी गोंडे, गोंड्यांना घुंगरं. पाठीला असा टेकू साऱ्या तालुक्यात कुठल्या गाडीला नव्हता. हे भूपाल दिवसातून चारदा सांगत असे.

टेकू त्रिशलासाठी होता. निदान म्हणायला तरी.

त्रिशला त्याची बायको. बावीस वर्षं चुरमुऱ्यांच्या भट्टीपुढे वाकून, धगधगत्या वाळूत तांदूळ परतून परतून तिचा कणा झिजला होता, एक मणका सरकला होता. पाठीला नीट आधार असेल तरच प्रवास करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसटीच्या बाकावरून ती दोनदा अर्ध्या वाटेत कळवळत उतरली होती. आणि बारा कोसांवर, सीमेपलीकडच्या गावात, तिची आई अंथरुणाला खिळली होती. तीन महिन्यांत मायलेकींची दृष्टिभेट नव्हती. पाठ टेकून आईपर्यंत पोचायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि टेकू थरथरत होता.

गाडी हळू असेतो ठीक. वेग चढला, की इंजिनाची धडधड त्या पोकळ नळ्यांतून वर चढे, वरच्या जड पितळेपाशी पोचे, आणि दुप्पट होऊन खाली उतरे; तिच्या पाठीत, तिच्या मानेत, तिच्या दातांत. दातांवर दात वाजत. दोन्ही बाजूंची उसाची हिरवीगार शेतं डोळ्यांपुढे चिखलासारखी कालवली जात. पोटात ढवळून येई. आणि माथ्यावर घुंगरं मात्र छुमछुम वाजत राहत.

त्या छुमछुमीची तिला किळस आली होती. घामट रेक्झिनच्या वासाची किळस, चकाकत्या पोलादाची किळस, टपरीपुढे मुद्दाम गाडी रेंगाळवणाऱ्या नवऱ्याची किळस, आणि तंबाखूची पिंक टाकून, ओठ पुसून, “वा अण्णा, काय शिंगं!” म्हणणाऱ्या त्या लाल तोंडांची तर शिसारीच.

टेकू बनवणारे दस्तगीर मिस्त्री म्हातारे होते, खरे होते. गाडी त्यांच्या शेडमध्ये नेली, तेव्हा त्यांनी ती जागेवरच तापवली, नळीवर तळहात ठेवला आणि वैद्याने नाडी बघावी तसा तो खालून वर नेला. शेंबीपाशी हात थबकला.

“दुखणं वर हाय, अण्णा,” ते म्हणाले. “हे वजन काढा. दीड हात कापू, मधी आडवी पट्टी देऊ, नळीत कोरडी वाळू भरू. कण कणाला घासतो, थरथर तिथंच मरती.”

“कापायची? हौशाच्या शेंब्या हायत त्या, मिस्त्री!”

हौशा त्याचा बैल. सात वर्षांपूर्वी गेलेला. चंद्रधवल, रुंद खांद्याचा, बेंदराच्या मिरवणुकीत साऱ्या गावाच्या नजरा ओढून नेणारा. भूपालने त्याच्यावर चाबूक कधी उगारला नव्हता. रोज तिन्हीसांजेला तो त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवी. जुवाचा वळ अंधारातही त्याच्या बोटांना लागे, आणि मग हळद, तेल, फुंकर. बायकोच्या पाठीला शेवटचा हात कधी लावला, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

त्याने शिंगं कापू दिली नाहीत, शेंब्या काढू दिल्या नाहीत. वाळू मात्र त्याला पटली. नदीकाठी जाऊन त्याने स्वतःच ती उकरली, काळी, चिकट, ओलीगच्च. गजाने ठोसून नळ्यांत कोंबली आणि वर शेंब्या ठोकून बसवल्या. जन्मभर भट्टीचं खाल्लं, पण ओल्या वाळूत चुरमुरा फुलत नाही, एवढं काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. याला शब्दांची भट्टी पेटवली तरी कमीच होती.

तर त्या सकाळी ते निघाले. ओली वाळू नळीच्या गळ्यातच घट्ट अडकली होती, खालची पोकळी तशीच होती. माथा आणखी जड झाला, थरथर आणखी माजली. आणि मग त्रिशलाच्या मानेवर एक थेंब पडला. थंड, बुळबुळीत. मग दुसरा. मग थरथरीने शेंबीच्या फटीतून उसळलेलं नदीचं काळं पाणी नळीवरून ओघळत आलं. मानेवरून पोलक्यात, पोलक्यातून त्या झिजल्या कण्यावरून खाली. मळीचा तोच आंबूस, कुजका, गोड वास आता तिच्या अंगाला येत होता.

“थांबवा!”

“टपरी जाऊ दे, पुढं थांबू. लोक बघत्यात.”

“थांबवा म्हणते ना!”

ती उतरली आणि रस्त्याकडेला भडभडून ओकली. डोळ्यांत पाणी, तोंडात कडूजहर, पाठीत ठणका. मान वळवून तिने मागे पाहिलं. भूपालने खिशातून रुमाल काढला होता. पांढराशुभ्र, घडीचा रुमाल. तो शेंबी पुसत होता. आधी डावी, मग उजवी.

तेव्हा तिची किळस टेकूवरून उठली आणि नवऱ्यावर जाऊन बसली.

तिने तोंड पुसलं. पदर खोचला आणि उलट्या वाटेने चालू लागली. एक हात कमरेवर, एक एक पाऊल मोजून, मिस्त्रींच्या शेडपर्यंत. मागून पहिल्या गिअरमध्ये गाडी येत राहिली.

“मिस्त्री, कापा.”

मिस्त्रींनी भूपालकडे पाहिलं.

“त्यांच्याकडं काय बघताय? पाठ माझी हाय.”

भूपाल गाडीवरून उतरला. त्रिशलाने स्वतः ते पोलादी शिंग दोन्ही हातांनी धरलं. कटर किंचाळला, ठिणग्यांचा केशरी, पिवळा, शुभ्र फुलोरा उसळला, तिच्या पातळावर विझला. पहिलं शिंग पडलं, दुसरं पडलं. भूपालने शेंब्या उचलल्या, सदऱ्यात घातल्या आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तिला ते दिसलं, आणि तिला दया आली नाही.

मिस्त्रींनी नळ्या रिकाम्या केल्या, पेटत्या ज्योतीने आतून सुकवल्या. दुपारी ती भट्टीवरची वाळू घेऊन आली. बारीक, काळीभोर, हजारदा तापलेली, हजारदा चाळलेली. तिने ती धारेने नळीत सोडली, लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत, पुन्हा सोडत, पुन्हा ठोकत. आधी नळी खणखणत होती. मग तिचा आवाज बसका झाला, मग मुका. मिस्त्रींनी तोंडं बंद केली, आडवी पट्टी जोडली, गाडी तापवून तळहात ठेवला आणि नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाट फटफटताच ते निघाले. वेग चढला. तिने भीत भीत पाठ टेकली, मग अर्धी, मग पुरती. काही हललं नाही. उसाच्या सरी दिसू लागल्या, सरीतलं पाणी दिसलं, पाण्यात उभा एकटा बगळा दिसला. दात स्वस्थ होते, पोट स्वस्थ होतं. टपरी आली तेव्हा भूपालने मान खाली घातली. टपरीवरच्या कुणी वरही पाहिलं नाही.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. एक प्रश्न. पाठ दुखती का? एवढाच. पहिल्या कोसावर तिने त्याची वाट पाहिली, पाचव्या कोसावर पाहिली, सीमेवरचा पूल ओलांडतानाही पाहिली. समोर त्याची रुंद पाठ होती, वारा होता.

आईचं गाव दिसू लागलं, तेव्हा तो बोलला.

“बुटका झाला गं. पार रया गेली गाडीची.”

कालची किळस आज शांत होती, पण तिच्यातलं तिळभरही कमी झालं नव्हतं.

अंधाऱ्या खोलीत आईने हात पुढे केला. सुरकुतलेला, हलका, कापरा हात. तो लेकीच्या खांद्यावरून पाठीवर गेला, मणका मणका चाचपत खाली उतरला, नेमक्या जागी थांबला.

“हितं दुखतंय न्हवं, पोरी?”

त्रिशला तेव्हा रडली. खूप रडली, लहान मुलीसारखी, आईच्या गोधडीत तोंड खुपसून.

मग डोळे पुसून दारात आली. भूपाल गाडीवर बसून होता.

“तुम्ही जावा,” ती म्हणाली.

“आणि तू?”

“मी हितंच राहते.”

“किती दिवस?”

ती आत वळली. त्याने किक मारली. धुळीच्या पिवळ्या पडद्यातून, बाभळींच्या विरळ सावल्यांतून गाडी दूर दूर जात राहिली. आणि त्याच्या मागे तो टेकू होता. ताठ, निश्चल, रिकामा. कुणाचीच पाठ त्याला टेकली नव्हती, आणि तो जरासुद्धा थरथरत नव्हता.