डोळे शेवटी

माझ्या मुलाला हार घालायचा नाही, हे मी चाळीत एकदा नाही, शंभरदा सांगितलंय. तरी जो तो येतो आणि विचारतो, "कौसल्याकाकू, प्रफुल्लचा फोटो नाही लावलात?" अरे, लावीन नाहीतर नाही लावणार! ज्याचं मढं कुणी पाहिलं नाही, त्याला हार घालायची तुम्हाला का एवढी घाई?

प्रफुल्ल समुद्रातल्या कामाच्या बोटीवर फिटर होता. गेल्या वर्षी वादळात ती बोट बुडाली. काही पोरं सापडली, कुणी जिवंत, कुणी गेलेली. हा सापडलाच नाही. कंपनीचा माणूस घरी आला, पाणीसुद्धा न पिता उभ्या उभ्या म्हणाला, "आता आशा ठेवू नका." मी म्हटलं, आशा काय तुझ्या बापाची आहे? गावी रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं आणि इकडे सुनेला बजावलं, "प्रिती, कपाळ मोकळं ठेवायचं नाही आणि या घरात रडायचं नाही. जित्या माणसासाठी रडलं की अपशकुन होतो." पोर गुणाची. रडली नाही. सकाळी टिकली लावून ऑफिसला जायची, संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापायची. बोलणं तेवढं आटलं तिचं.

त्याचं चित्र तिनंच भरायला घेतलं होतं, तो बोटीवर असताना. लग्नातला फोटो समोर ठेवून, जाळीच्या कापडावर लोकरीनं, टाक्याला टाका लावून. डोक्यावर फेटा, ते फेंदारलेलं नाक, हसताना वाकडी होणारी जिवणी, सगळं हुबेहूब. डोळे तेवढे राहिले होते. बातमी आली आणि तिनं ते गुंडाळून कपाटावर टाकून दिलं.

या श्रावणात मी ते खाली काढलं. मी लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती सजवायचं काम करते. मुकुटाला खडे, बाजूबंदाला मोती, शेल्याला जर. दर मोसमात थोडं सामान उरतं, ते आमचे मूर्तिकार जगदीशदादा म्हणतात, काकू, घेऊन जा. असा डबा भरलाय घरात. म्हटलं, सगळ्या जगाचे गणपती सजवते, माझ्या पोराला का नको? नवरदेव करू त्याला. तो येईल, भिंतीवर बघेल आणि म्हणेल, "आये, ह्यां काय केलंस गो?"

म्हणून रोज दुपारी बसले. फेट्याच्या प्रत्येक पदरावर सोनेरी जर लावली. जर कापडातून आरपार ओढायची नसते, उसवते मेली. वरून आडवी ठेवायची आणि बारीक दोऱ्यानं जागोजागी बांधत न्यायची. शेरवानीच्या गळ्याला काचमणी भरले, कपाळावर मोत्यांच्या मुंडावळ्या. सुट्टीच्या दिवशी प्रिती समोर बसून सुईत दोरा ओवून द्यायची, कारण मला आता नेढं दिसत नाही.

एकदा हळूच म्हणाली, "आई, मी डोळे भरू का?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

कारखान्यात डोळे शेवटी असतात. सगळी सजावट झाली की जगदीशदादा हातपाय धुऊन येतात आणि डोळ्यांची आखणी करतात. तोवर मूर्ती म्हणजे माती, कुठेही सरकवा. डोळे झाले की देव. आणि देव झाला की त्याचं विसर्जन ठरलेलंच. हे सगळं मी तिला सांगितलं. "डोळे नाहीत तोवर त्याला कुणी पाण्यात नेत नाही," म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारीला वेड लागलं, असं वाटलं असेल. वाटू दे.

सगळं झालं, पण गळा ओकाबोका दिसत होता. नवरदेवाच्या गळ्यात वरमाला नको? डब्यात पांढरे मोती भरपूर होते, तेच घेतले. दुपदरी माळ भरली, पार छातीपर्यंत. प्रत्येक मोत्याला मागून गाठ मारली, कधी सुटू नये म्हणून. रविवारी ती संपली. लांबून कसं दिसतंय बघावं म्हणून चित्र टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं.

तेवढ्यात शेजारची सुंदराबाई विरजण मागायला आली. तिची नजर चित्रावर गेली. तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "देवा, शांती दे रे लेकराला. बरं केलंस गो कौसल्या, घातलास एकदाचा हार."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या हातातली वाटी हिसकावून गॅलरीत भिरकावली. "चालती हो! माझ्या जित्या पोराला हात जोडतेस? तुझ्या घरात कुणी नाही का हात जोडायला?" बिचारी घाबरून पळाली.

दार लावून वळले, आणि मलाही तेच दिसलं. पांढरा हार घातलेला फोटो. साऱ्या चाळीला जो घालू दिला नाही, तो मी माझ्या हातानं घातला होता, गाठी मारमारून.

"कात्री दे," मी प्रितीवर ओरडले. "दे आधी कात्री!" आणि मीच ती उचलून माळ कापायला गेले, तर प्रितीनं माझं मनगट धरलं.

"सोड."

"नका कापू, आई."

"सोड म्हणते ना!"

"मला रडायचंय, आई," ती म्हणाली. "ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडते मी. मला घरी रडायचंय. एकदा रडू द्या हो मला."

मी तिच्याकडे बघितलं. वर्षभर मी दाराकडे बघत होते, तिच्याकडे नाही. गालफडं बसली होती पोरीची. कपाळावर माझ्या धाकानं लावलेली टिकली होती.

मी कात्री खाली ठेवली. डबा ओढला आणि काळे मणी शोधायला लागले. लाल होते, हिरवे होते, सोनेरी तर ढीगभर. काळा एक नाही. गणपतीला काळं कोण लावतं? प्रितीला कळलं मी काय शोधतेय ते. तिनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून माझ्यापुढे धरलं.

"वाट्या ठेव तुझ्याकडे, तुझ्या आहेत त्या," मी म्हटलं. "मला दोनच मणी दे."

तिनं कात्रीनं सर तोडला. मणी लादीवर उड्या मारत खाटेखाली गेले. दोन तिच्या मुठीत राहिले.

मी मोरीत जाऊन हातपाय धुतले. तिनं सुई ओवून दिली. आधी डावा मणी लावला, मग उजवा. मागून गाठ मारून चित्र सरळ केलं तर बघत होता माझ्याकडे. लहानपणी शाळेच्या दारात सोडून निघाले की बघायचा ना, तसाच.

प्रितीनं जो हंबरडा फोडला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. जाऊ दे. मी तिला पोटाशी धरून बसले, ती थकेपर्यंत. मला मात्र रडू येईना.

मग पिशवी घेतली आणि नाक्यावर फुलवाल्या शिवाकडे गेले. रोज सकाळी देवासाठी त्याच्याकडूनच घेते. मला बघून तो हसला, झेंडूचा हार खिळ्यावरून काढत म्हणाला, "काय काकू, आज परत? देवालाच ना?"

"फोटोला," मी म्हटलं.

त्यानं झेंडूचा हार परत टांगला. खाली बघत विचारलं, "केवढा आहे फोटो?"

मी दोन्ही हात पसरून माप दाखवलं.