त्या दुपारी फोन एंगेज होता

मित्रांनो, तुम्ही माझा आवाज ऐकला असता तर कानांवर हातच ठेवले असते. आधी टूं टूं करत नंबर लावायचा, मग चिरकायचं, मग घसा बसल्यासारखं खरखरायचं आणि एकदम गप्प व्हायचं. मी गप्प झालो की घरातली माणसं खूश होऊन म्हणायची, "लागलं!" बाकी कुणाच्या गप्प बसण्याचं एवढं कौतुक झालेलं मी पाहिलं नाही.

मी एक मोडेम आहे, आता अगदीच जुना झालेला. माझ्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि ती तार व कॉम्प्युटर यांच्यामध्ये मी बसलेला असायचो. तार एकच असायची. त्यामुळे इंटरनेट चालू असलं की फोन बंद, आणि फोनवर कुणी गप्पा मारत असलं की इंटरनेट बंद. शिवाय जितका वेळ लाईन चालू, तितकं बिल. म्हणून ज्याला त्याला घरी स्वस्त आणि वेगवान इंटरनेट हवं असायचं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईंनी माझे स्क्रू पिळले, दुसरीने मला तारेला जोडून तपासलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपवलं. खोक्यावर ठळक अक्षरांत 'सर्वात वेगवान' असं छापलेलं होतं. ते मी खरं धरून चाललो. दुकानातल्या काचेच्या कपाटात बसून मी शेजारच्या संथ मोडेमांकडे जरा नाक वर करूनच बघत असे.

तिथून मला एका चष्मे बनवणाऱ्या गृहस्थांनी घरी नेलं. त्यांना मी पहिल्या दिवसापासून बाबाच म्हणत आलो, कारण त्यांची मुलगी पत्रांत त्यांना तेच म्हणायची. मुलीला सगळे ताई म्हणत. ती नोकरीसाठी खूप दूरच्या देशात राहत होती. आई घरी कपडे शिवायची. पुढच्या खोलीत एका बाजूला तिचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर आणि स्वयंपाकघराच्या दाराशी फळीवर टेलिफोन, असं ते घर होतं.

परदेशातून फोन करणं फार महाग, म्हणून ताई ईमेल पाठवायची आणि बाबा ते मोठ्याने वाचून दाखवायचे. आईला ते मुळीच आवडायचं नाही.

"तुमच्या तोंडून तिचं पत्र ऐकणं म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी ऐकणं," ती म्हणायची. "एकदा तिचा आवाज कानावर पडू दे."

ताईने हे मनावर घेतलं. तिने मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर आपलं बोलणं भरलं आणि पाठवून दिलं. वर लिहिलं होतं, 'आधी हे ऐका.' पण मित्रांनो, आवाज ही मोठी जड वस्तू. बाबांचा आधीचा मोडेम म्हातारा होता. तो अर्ध्यावर पोचायचा, तेवढ्यात कुणाचा तरी फोन यायचा, लाईन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू. असं चारदा झाल्यावर बाबा वैतागून दुकानात आले होते.

दुकानदाराने मला त्यांच्या हातात दिलं आणि एक युक्तीही सांगितली. "तुमच्या फोनला कॉल वेटिंग आहे ना? तेच घात करतंय. मध्येच फोन आला की टिकटिक होते आणि नेट तुटतं. ते बंद करून टाका. मग बाहेरच्याला नुसता एंगेज टोन ऐकू येईल, तुमचं काम बिनबोभाट."

बाबांनी घरी येताच फोनवर तीन-चार आकडे दाबून ती सोय बंद केली. आईला विचारलं मात्र होतं.

"करा की बंद," आई म्हणाली. "एरवी तरी आपल्याला कोण फोन करतंय? ब्लाउज झाला का, एवढंच विचारतात. येतील घरी."

सुट्टीच्या दिवशी दर कमी असायचा, म्हणून त्यांनी सुट्टीची दुपार धरली. मी घसा खरवडला, चिरकलो आणि गप्प झालो. बाबा म्हणाले, "लागलं!" आणि ताईचा आवाज कणाकणाने माझ्यातून घरात येऊ लागला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पाणी वाहून नेणाऱ्या नळाला तहान कुठे कळते? पण मी जीव ओतून काम करत होतो.

आता एकच भीती होती. घरातल्या कुणी चुकून फोन उचलला तर लाईन तुटली असती. म्हणून आई स्वतःच स्टूल ओढून फोनपाशी बसली आणि तिने रिसीव्हरवर हात ठेवला. शेजारच्या काकू फोन करायला आल्या, तर तिने दुसऱ्या हाताने त्यांना दारातच थांबवलं.

"आत्ता नाही हो. माझी लेक येतेय तारेतून."

"अगं बाई! मग मी नंतर येते," काकू हसत म्हणाल्या आणि परत गेल्या.

आई हलली नाही. दुपार उतरली तरी तिने हात काढला नाही. हात अवघडला की नुसता बदलायची. शेवटी बाबा ओरडले, "आलं! सगळंच्या सगळं आलं!" आई धावत कॉम्प्युटरपाशी आली आणि पदराने तोंड पुसून खुर्चीवर नीट बसली, जणू ताई तिला बघणार होती.

ताई बोलू लागली.

"आई, बाबा, घाबरायचं नाही हं. हे पत्रात लिहिलं नाही, कारण बाबा ते बातम्यांसारखं वाचतील आणि आई रडेल. माझं एक ऑपरेशन आहे. येत्या रविवारी. छोटंसंच आहे म्हणतात. आत नेण्याआधी मी फोन करीन. मला फक्त तुमचा आवाज ऐकायचाय, मग मी बिनधास्त आत जाईन. आई, त्या दिवशी फोनपासून हलू नकोस."

तो दिवस रविवारच होता.

बाबांनी घाईघाईने माझी वायर उपटली. आईने रिसीव्हर उचलला, आवाज येतोय ना ते बघितलं, पुन्हा ठेवला. मग बाबांनी नंबर फिरवला, पण ताईच्या खोलीवरचा फोन नुसता वाजत राहिला. कोणत्या दवाखान्यात आहे, ते तिने सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा फोन वाजला. ताईची मैत्रीण होती. ऑपरेशनमधून ताई पुन्हा उठलीच नाही.

मैत्रीण रडत रडत आणखीही काही सांगत होती. ताईने आत जाण्याआधी पुन्हा पुन्हा घरी फोन लावला होता. दरवेळी एंगेज. शेवटी ती हसून म्हणाली होती, "आई कुणाशी तरी गप्पा मारत बसली असेल. बरंय, मजेत आहे."

त्या घरात त्यानंतर मला कुणी लावलं नाही. आई भिंतीकडे बघत एकच बोलायची, "मी तिथंच बसले होते हो. मीच हात ठेवून बसले होते." बाबा तिची समजूत घालायला जायचे आणि अर्ध्यावरच उठून बाहेर जायचे. कुणी कुणाला दोष दिला नाही. पण शिलाई मशीन बरेच महिने बंद होतं.

पुढे फोनपेक्षाही स्वस्त असं नवं वेगवान इंटरनेट आलं. बाबांच्या चष्म्यांच्या कामासाठी ते घरी लागणारच होतं. जोडणी करायला एक तरुण मुलगी आली, साधारण ताईच्याच वयाची. मला बघून ती हसली. "अय्या, हा अजून आहे? किती रडायचा हो हा!" मग हात पुसत ती आईला म्हणाली, "काकू, आता कटकट मिटली. नेट दिवसभर चालू ठेवा. फोनला काही होत नाही."

आईने शिवणकाम खाली ठेवलं.

"म्हणजे मध्येच कुणी फोन केला, तर लागेल?"

"लागणार की! कधीही करू दे. आता एंगेज बिंगेज काही नाही."

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आई म्हणाली, "बरं झालं," आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेली. बराच वेळ बाहेर आलीच नाही.

आता मी शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या आणि बटणांच्या सोबत असतो. आई दोरा शोधताना मला उचलते, क्षणभर हातात धरते, आणि ठेवून देते. मित्रांनो, नवं यंत्र घरी आणाल तेव्हा त्याने काय सुरू होतं ते दुकानदार सांगेलच. काय बंद होतं, तेही त्याला विचारा. आणि माझं एक काम करा. मला दुसऱ्याचा आवाज वाहून आणता येतो, स्वतःला एक शब्द बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तरी त्या माउलीला जाऊन सांगा, की लेकीने सांगितलं होतं तेच तू केलंस. तू फोनपासून हलली नाहीस.