सात टाक्यांच्या अकरा गाठी

गुरुवारी सकाळी कुरुळीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचा हात फडक्यात, कुणाचा पाय पट्टीत. कंपन्यांच्या भागात जखमांना काय तोटा! इथले भस्मानंदबाबा म्हणे कात्रीवाचून टाके काढत. भस्म लावलं, फुंकर मारली, की दोरा थेट बाबांच्या मुठीत.

वर्षाली रांगेत उभी होती. पत्र्याच्या धारेने तिचा तळहात फाटला होता. नऊ टाके पडले होते. ते काढायची तारीख आज होती. पण कात्री नुसती डोळ्यांपुढे आली तरी ती हात मागे लपवायची. हात बिघडला तर नोकरी गेलीच. म्हणून सासूबाईंचं ऐकून ती त्यांच्यासोबत इथे आली होती.

तिच्या पुढे शेजारच्या घरातले हिंदुराव होते. आपल्या गुडघ्याला सात टाके आहेत, हे त्यांनी रांगेत साऱ्यांना ऐकवलं होतं.

"ज्याच्या मनात पाप, त्यालाच दुखतं!" बाबा गरजले.

आता चारचौघांत कोण कशाला ओरडतोय? हिंदुरावांनी दात आवळले. बाबांनी गुडघ्यावर भस्माचा चिखल थापला, अंगठा फिरवला, फुंकर मारली आणि मूठ उघडली. आत काळ्या दोऱ्याच्या गाठी! सारी शेड जयजयकाराने दणाणली.

वर्षालीचं कंपनीतलं काम तपासणीचं. सुट्या भागाची भोकं मोजल्याशिवाय एकही जॉब ती पुढे सोडत नसे. भीतीने अर्धमेली झालेली असतानाही तिने सवयीने गाठी मोजल्या. अकरा.

सातातून अकरा कशा निघाल्या?

तोवर तिचा हात बाबांनी ओढला होता. चिखल पडला, अंगठा टेकला आणि काहीतरी कचकन लागलं. "आई गं!" तिने हात हिसकला. बाबांच्या वाढवलेल्या नखाखाली ब्लेडचा तुकडा चमकला.

"पापिणी! अर्धवट उठलीस तर हात सडेल!"

तिच्या सासूबाई यशोदाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "अगं बस, माफी माग!" वर्षालीने त्यांनाच ओढत बाहेर काढलं. रिक्षात ती तळहात पुन्हा पुन्हा बघत होती. खरंच सडला तर?

दवाखान्यात पूनम सिस्टरनी हातमोजे घालून चिखल धुतला. "घाबरलीस ना? मग आडवी हो. दुखलं तर लगेच सांग, मी थांबेन." चिमट्याने गाठ अलगद उचलली, कातडीलगत एका बाजूने दोरा कापला आणि हळूच ओढला. जरा ताण जाणवला, बस. आठ टाके असेच निघाले. नवव्याची गाठच जाग्यावर नव्हती. दोरा कातडीत दडला होता. तो डॉक्टरांनी काढला.

"त्या बाबाने वरची गाठ तेवढी खुडली," वर्षालीकडून अकरा गाठींचं ऐकून सिस्टर म्हणाल्या. "ती चिखलात गेली. मुठीतल्या गाठी घरून आणलेल्या. दोरा आतच, आणि साऱ्यांना तेच मळकं ब्लेड! रक्त तपासून घे."

"मग हिंदुराव?" यशोदाबाईंना घाम फुटला.

दोघी तडक त्यांच्याकडे गेल्या. "मला कुटं दुकतंय?" म्हणत हिंदुरावांनी दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी गुडघा टरारून सुजला, अंगात ताप भरला, तरी ते म्हणतच होते, "न्हाई दुकत. आमी काय पापी हाय व्हय?"

वर्षाली त्यांच्याजवळ बसली. "काका, मी ओरडले. मी काय पाप केलं होतं?"

हिंदुराव लहान मुलासारखे रडले. "लई दुकतंय गं, पोरी." त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. पाय वाचला.

वाचकहो, टाके काढताना भीती कुणालाही वाटते. ती सिस्टरला, डॉक्टरांना खुशाल सांगा. पण ज्याच्यासमोर 'दुखतंय' म्हणायची चोरी, त्याच्या हाती आपली जखम देऊ नका.