साबणाशेजारचं ड्रिल

चिंगी साबण आणायला म्हणून गेली आणि ड्रिल घेऊन आली.

सुपरमार्केटच्या मधल्या रांगेत त्या आठवड्यात हत्यारं मांडली होती. एका बाजूला साबण, दुसऱ्या बाजूला लोकरीचे मोजे आणि मध्ये करवती, ग्राइंडर, ड्रिल. खोक्यावर एक माणूस असा हसत होता, जणू भिंतीला भोक पाडण्याइतकं सुख जगात दुसरं नाही. चिंगी चाळिशीची. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. दिवसभर डोळ्यांना नीट दिसत नाहीत इतके बारीक स्क्रू फिरवायची, पण घरातल्या भिंतीवर एक फळी म्हणून लागत नव्हती. थोरला भाऊ सुतार होता, आणि सुताराच्या बहिणीची फळी कायम 'पुढच्या रविवारी' लागते.

दादानं ते ड्रिल पाहिलं तेव्हा कलिंगड पारखावं तसं कानाशी नेऊन हलवलं.

"सुपरमार्केटातून ड्रिल? उद्या न्हाव्याकडून औषध आणशील."

"मला काय पूल बांधायचाय? चार भोकं पाडायचीत."

"चार पाडेल. विटेत पाडेल, लाकडात पाडेल. लोखंड दाखवलंस तर दात पाडून घेईल." त्यानं खटका दोनतीनदा दाबून सोडला. मग त्याचा चेहरा बदलला. "हे मात्र वाईट आहे, चिंगे. बघ, बोट काढलं तरी खटका कधीकधी आतच राहतो. दाम तसं काम. परत करून ये."

ती परत करायला गेली नाही. दादा गेल्यावर तिनं चार भोकं पाडली. बिट, म्हणजे भोक पाडणारं टोक, थोडं डुगडुगलं, तापल्या प्लास्टिकचा वास आला, पण फळी लागली आणि तिच्यावर डबेही बसले. चौथ्या भोकाला मात्र खटका अडकला. यंत्र तिच्या हातात घरघरत राहिलं, मनगट पिरगाळलं, आणि मग आपणहून थांबलं. चिंगीनं ते खोक्यात घातलं, खोकं माळ्यावर टाकलं आणि दादाला अवाक्षर सांगितलं नाही.

घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांचं आयुष्य मालवाहू बोटीवर स्वयंपाक करण्यात गेलं होतं. सगळ्या खलाशांत मिळून एक न्हाणीघर, त्याचं दार कधी लागायचं नाही, आणि आत गेलं की बाहेरून थापा. त्यामुळे घरच्या बाथरूमची कडी ही त्यांची खरी मिळकत होती. हट्ट करून त्यांनी दादाकडून जाडजूड लोखंडी कडी बसवून घेतली होती. "जहाज बुडालं तरी उघडायची नाही," असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

त्या दिवशी चिंगीला सुट्टी होती. सकाळी बाबांनी इन्सुलिन टोचून घेतलं, तिनं टेबलावर अंडं आणि पाव ठेवला, आणि ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. वर शेजारीण भेटली, बोलणं लांबलं. खाली आली तेव्हा अंडं तसंच होतं. पावाला हातसुद्धा लागला नव्हता. बाथरूमचं दार बंद होतं आणि आत नळ वाहत होता.

"बाबा, आधी खायचं ना!"

तिनं दारावर थाप मारली.

"बाबा?"

दारामागून, पण अगदी खालून, जमिनीलगतून, आवाज आला. "किनारा... दिसला का?"

साखर उतरली की बाबा असंच बोलत. एकदा बाजारात असंच झालं होतं, तेव्हा घामानं निथळत ते भाजीवाल्याला कप्तान म्हणत होते. पण तेव्हा तोंडात साखर घालता आली होती. आता मध्ये दार होतं.

तिनं दार ढकललं. वर कडीपाशी ते हललंसुद्धा नाही, आणि खाली काहीतरी मऊ, जड अडत होतं. बाबा दारालाच टेकून पडले होते. दार आत उघडणारं. लाथ मारली असती तर ती त्यांच्याच पाठीत बसली असती.

तिनं रुग्णवाहिका बोलावली. "निघाली आहे," पलीकडची बाई म्हणाली, "पण पुलाचं काम चालू आहे, वळसा घालून येईल. ते बोलतायत का? बोलतं ठेवा." मग चिंगीनं दादाला फोन लावला. तो गावाबाहेरच्या कामावर होता.

"कडी तोड," दादा म्हणाला, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नाही, ती तुटायची नाही. मीच बसवलीये." त्याला धाप लागली होती, बहुतेक तो गाडीकडे धावत होता. "ते ड्रिल आहे ना अजून? कडीच्या स्क्रूंवर चालव. मी येतोय."

स्टुलावर चढून माळ्यावरून खोकं काढताना ते खालीच पडलं. तिनं वायर लावली, लोखंडाचं म्हणून खोक्यात दिलेलं बिट बसवलं, आणि कडी आतून जिथे असेल तिथे बाहेरून टेकवलं. लाकूड भसकन् गेलं. मग आत लोखंड लागलं. यंत्र किंचाळायला लागलं, ठिणगी उडाली, आणि कट् असा आवाज होऊन बिटाचा तुकडा तिच्या गालाशेजारून गेला.

दुसरं बिट वाकलं. तिसरं लाकडाचं होतं.

"बाबा, बोला काहीतरी!"

"थंडी आहे," बाबा म्हणाले. जीभ जड झाली होती. "डेकवर कोण... ठोकतंय?"

"मी आहे. चिंगी. झोपू नका."

"कोण चिंगी?"

ती क्षणभर दाराला कपाळ टेकून उभी राहिली. कडी उघडणार नव्हती. दादा येईपर्यंत बाबा बोलायचे थांबले असते, आणि नळाचं पाणी आत एकसारखं वाहत होतं. मग तिच्या मनात आलं की दार कशाला उघडायला हवं? आत फक्त साखर जायला हवी. त्याला बोटाएवढं भोक पुरे.

ती स्वयंपाकघरात गेली. सॉसची चिमटीत दाबायची बाटली बेसिनमध्ये रिकामी करून विसळली, कोमट पाण्यात मुठीमुठीनं साखर घालून ढवळली, बाटली भरली, तोटीवर सरबताची नळी घट्ट बसवली. आता भोक खाली पाडायचं होतं, बाबांच्या तोंडाच्या जवळ, पण बाबांमध्ये नाही.

आणि बाबा दारामागे नेमके कुठे होते, हे कुणी सांगायचं?

ती जमिनीवर पालथी झाली. दाराखालच्या फटीतून फक्त ओल दिसली आणि करड्या लोकरीची कड. स्वेटर घातलेलाच होता. पाठ की छाती, काही कळेना.

"बाबा, दारावर टकटक करा. जिथे डोकं आहे तिथे."

एक दुबळी टकटक, उजवीकडे, गुडघ्याच्या उंचीवर. तिनं तिथे पेन्सिलीनं खूण केली. पण ती टकटक हातानं केलेली. हात एकीकडे आणि डोकं भलतीकडे असू शकतं. तिनं दाराला कान लावला आणि श्वास ऐकायचा प्रयत्न केला. नळाच्या आवाजात श्वास कसला ऐकू येणार.

फोन जमिनीवर चालूच होता. "दादा, दार किती जाड आहे?"

"चिंगे, काय करतेयस?"

"किती जाड?"

"अंगठ्याएवढं. नाही, त्याहून जरा जास्त. चिंगे, त्यांच्या अंगाजवळ ते यंत्र चालवू नकोस! तो खटका..."

तिनं फोन पालथा घातला. बिटावर अंगठ्याहून जरा पुढे रबर गुंडाळलं, म्हणजे तिथवर गेलं की थांबायचं. हात वाचावा म्हणून खुणेपासून वीतभर डावीकडे टोक ठेवलं आणि बोट दाबलं.

आयुष्यात तिनं इतकं हळू काही केलं नव्हतं. भुसा तिच्या गुडघ्यांवर पडत होता. कुठल्याही क्षणी बिट मऊ कशात तरी जाईल आणि बाबा ओरडतील असं तिला वाटत होतं. त्याहून भयंकर म्हणजे, ते ओरडणारच नाहीत असंही वाटत होतं. रबर दाराला टेकलं तेव्हाच लाकूड संपलं आणि बिट मोकळं झालं. तिनं बोट काढलं.

ड्रिल थांबलं नाही.

खटका आत अडकला होता. ती ओढायला लागली, पण बिटाला पलीकडून कशानं तरी धरलं. दारामागे काहीतरी सरकलं, ओढलं गेलं, दाराला घासलं, आणि बाबा ओरडले. शब्द नव्हता त्यात, नुसता आवाज. यंत्रातून धूर यायला लागला. चिंगीनं खटका नखानं उचकला, मुठीनं ठोकला, तो सुटेना. यंत्र सोडलं असतं तर ते स्वतःभोवती गरगरलं असतं, म्हणून एका हातानं ते छातीशी दाबून तिनं पाय लांबवला, वायर अंगठ्यात अडकवली आणि जिवाच्या आकांतानं खेचली. प्लग भिंतीतून निघाला.

घरात फक्त नळ वाहत राहिला.

बिट बाहेर आलं तेव्हा त्याच्याभोवती करडी लोकर घट्ट गुंडाळलेली होती. तिनं ती बोटांनी चाचपली, उजेडाकडे धरली. ओली होती. पाण्यानं, की... तिला बोटांकडे बघायचं धैर्य होईना. मग बघितलं. पाणीच होतं.

"बाबा! लागलं का?"

भोकातून, चिडलेल्या स्वरात, "स्वेटर फाडला."

चिंगी रडता रडता हसली. पण हसत बसायला वेळ नव्हता. तिनं नळी भोकात घातली. "बाबा, इकडे नळी आहे. तोंडात धरा. सरबत आहे."

"बिल कोण देणार?"

"कप्तान देणार. धरा तोंडात!"

आत अंग सरकल्याचा आवाज झाला आणि नळी हलली. तिनं बाटली अगदी थोडी दाबली, थांबली, गिळल्याचा आवाज ऐकला, पुन्हा दाबली. ठसका लागेल या भीतीनं दर घोटाला ती विचारत होती, "गेलं का?" आणि आतून हुंकार येत होता. अर्धी बाटली संपल्यावर हुंकार स्पष्ट झाले. आणखी थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "चिंगे, हे फार गोड आहे," आणि आपलं नाव ऐकून तिच्या हातातली बाटलीच गळून पडली.

ते कुशीवर सरकले, कमोडला धरून उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं कडी काढली. दारात उभे राहिले तेव्हा ते चिंब भिजलेले होते आणि स्वेटरच्या काखेखाली मूठ जाईल एवढं भगदाड होतं. आत बरगडीवर लाल वळ होता, बिटाएवढाच. कातडी फाटली नव्हती. रुग्णवाहिकेतल्या मुलीनं साखर तपासून आता ठीक आहे म्हटलं, मग तो वळ पाहून विचारलं, "हे कशानं झालं?" चिंगीनं जमिनीवरच्या ड्रिलकडे बोट दाखवलं.

दादा आला तेव्हा बाबा पांघरूण घेऊन अंडं खात होते. त्यानं ड्रिल उचललं, हुंगलं, खोलून आतली जळलेली तार बघितली. मग तो त्या लोकरीकडे बघत राहिला.

"बोल आता," चिंगी म्हणाली. "दाम तसं काम म्हण."

"काय बोलू?" दादा म्हणाला. "हे घरात नसतं तर..." तो थांबला. "फळी लावायला ठीक होतं गं. माणसाजवळ नाही. पण माझं चांगलं मशीन माझ्या गाडीत होतं, आणि गाडी गावाबाहेर." त्यानं लोकर सोडवायचा प्रयत्न केला, ती निघेना. "घे म्हणू की घेऊ नको म्हणू, मला खरंच कळत नाही."

चिंगीनं ते बिटासकट कचऱ्यात टाकलं.

पुढच्या आठवड्यात दादानं बाथरूमला नवी कडी लावली, बाहेरून चमच्यानंही फिरवता येईल अशी. बाबा आधी रुसले, मग कबूल झाले. दादाचं मशीन चांगलं, महागाचं, बोट काढताच थांबणारं. पण त्यानं ते सुरू केलं आणि चिंगी स्वयंपाकघरातून उठून थेट जिन्यात जाऊन बसली. कानांवर हात ठेवले तरी तो आवाज दातांतून आत येत होता. थोड्या वेळानं बाबा नवा स्वेटर घालून बाहेर आले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"झालं का त्याचं?" तिनं विचारलं.

"अजून दोन भोकं आहेत म्हणतो," बाबा म्हणाले आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन बसून राहिले.